क्रिएटिनिनचा रिपोर्ट पहिल्यांदाच हातात आलाय? तो असा वाचा

आखाडातल्या एका सोमवारी पंचविशीतला एक मुलगा आमच्या लॅबच्या खिडकीशी आला. रिपोर्टवर सीरम क्रिएटिनिन १.४, ठळक अक्षरात, पुढे वर जाणारा बाण. "ताई, किडनी गेली काय माझी?" त्याचा आवाज खरंच कापत होता. त्याच आठवड्यात माझ्या आईचाही रिपोर्ट झाला. वय ६८, क्रिएटिनिन १.१. बाण नाही, ठळक अक्षर नाही. तिनं कागदाची घडी घालून पिशवीत ठेवला आणि भाजी घ्यायला गेली.

पुढे कळलं की त्या मुलाची किडनी ठणठणीत होती आणि लक्ष द्यायला हवं होतं ते आईच्या किडनीकडे. मी १८ वर्षं लॅबमध्ये रक्त तपासते, तरी आईचा तो आकडा माझ्याही नजरेतून निसटला होता. म्हणून हे लिहिते आहे, ज्यांच्या हातात असा रिपोर्ट पहिल्यांदाच आला आहे त्यांच्यासाठी.

आधी दोन नावं वेगळी करा

क्रिएटिन आणि क्रिएटिनिन. नावात एका अक्षराचा फरक आहे, त्यामुळे घोटाळा व्हायचाच. जिममधला डबा असतो तो क्रिएटिनचा आणि रिपोर्टवर येतं ते क्रिएटिनिन.

क्रिएटिन आपलं शरीर स्वतः तयार करतं. काम मूत्रपिंडात सुरू होतं आणि यकृतात पूर्ण होतं. तिथून ते रक्तावाटे स्नायूंमध्ये जातं. शरीरातलं सुमारे ९५ टक्के क्रिएटिन स्नायूंत असतं. मटण, चिकन, मासे खाणाऱ्यांना थोडं बाहेरूनही मिळतं, कारण तेही शेवटी प्राण्यांचे स्नायूच. शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८३२ मध्ये ते पहिल्यांदा मांसातूनच वेगळं काढलं आणि मांसासाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिलं.

स्नायूत क्रिएटिनचं काम घागरीसारखं आहे. ती फॉस्फेटनं भरलेली असते. तुम्ही जड वजन उचललंत, बस पकडायला धावलात, की पहिल्या आठ-दहा सेकंदांत स्नायूला जी झटपट ताकद लागते ती या भरलेल्या घागरींतून मिळते. रिकामी झालेली घागर विश्रांतीत पुन्हा भरली जाते. ही भरलेली घागर म्हणजे फॉस्फोक्रिएटिन. ते शोधणाऱ्यांमध्ये आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करताना, १९२७ मध्ये. रक्तातलं फॉस्फरस मोजायची फिस्क-सुब्बाराव पद्धत आम्ही डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला, शिकलो, तेव्हा त्या नावातले सुब्बाराव कोण हे वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. पुढे वाचनात आलं तेव्हा फार अभिमान वाटला.

आता मुख्य गोष्ट. या घागरींपैकी शंभरातल्या एक-दोन रोज आपोआप फुटतात. फुटलेली घागर पुन्हा जोडता येत नाही, तिचं खापर होतं. ते खापर म्हणजे क्रिएटिनिन. सत्तर किलोच्या माणसात साधारण १२० ग्रॅम क्रिएटिन असतं, त्यातलं दोनेक ग्रॅम रोज असं बाद होतं. क्रिएटिनिन रक्तात येतं, मूत्रपिंड ते गाळून लघवीत टाकतं.

म्हणजे अंगणात खापरं जास्त दिसली तर कारणं दोन. एक तर घरात घागरीच जास्त आहेत, नाहीतर झाडणारा थकला आहे. रक्तातला आकडा एवढंच सांगतो की खापरं किती साठली आहेत. का साठली, हे तो सांगत नाही. ते आपल्याला शोधावं लागतं, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

रक्त देण्याआधी

नुसत्या क्रिएटिनिनसाठी उपाशीपोटी यायची सक्ती नसते. सोबत साखर किंवा चरबीची तपासणी असेल तर उपाशी बोलावतात. पण आदल्या रात्री मटणावर ताव मारून येऊ नका. मांस शिजताना त्यातल्या काही क्रिएटिनचं भांड्यातच क्रिएटिनिन होतं आणि ते सरळ आपल्या रक्तात येतं. आखाडातल्या रविवारी तांबडा-पांढरा झाला आणि सोमवारी सकाळी रक्त दिलं, तर आकडा थोडा वर जाऊ शकतो. तो मुलगा नेमका असाच आला होता.

दोन दिवस आधीपासून जोरकस व्यायाम टाळा. पाणी नेहमीइतकं प्या. काही जण "किडनी धुऊन निघेल" म्हणून सकाळीच दोन-तीन लिटर पाणी पिऊन येतात, त्यानं मूत्रपिंड सुधारत नाही. उलट उन्हातान्हात फिरून, जुलाब-उलट्या होऊन शरीर कोरडं पडलं असेल तर आकडा खरोखर वाढतो. तसं असेल तर रक्त घेणाऱ्याला सांगा.

कोणती औषधं चालू आहेत तेही सांगा. लघवीच्या संसर्गासाठी देतात त्या कोट्रायमोक्साझोलमधलं ट्रायमेथोप्रिम, आम्लपित्तासाठी पूर्वी खूप चालायचं ते सिमेटिडिन, यांच्यामुळे मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद कमी न होताही क्रिएटिनिन वाढतं. थोडं क्रिएटिनिन मूत्रपिंडाच्या नलिका आपणहून लघवीत ढकलत असतात, ती वाट ही औषधं अडवतात.

आकडा वाचताना माणूस समोर ठेवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबते.

बहुतेक रिपोर्टवर पुरुषांसाठी ०.७ ते १.३ आणि स्त्रियांसाठी ०.६ ते १.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास मर्यादा छापलेली असते. लॅबप्रमाणे थोडा फरक पडतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलियात असलेल्यांच्या रिपोर्टवर ९७ असा आकडा दिसला तर दचकू नका, तिथे एकक मायक्रोमोल असतं. ८८.४ नं भागा, १.१ येईल.

ही छापलेली मर्यादा स्नायूंचा विचार करत नाही. तालमीतल्या पैलवानाच्या अंगात घागरीच भरपूर, त्याचं १.३ किंवा १.४ निरोगीपणातलं असू शकतं. ऐंशीच्या, हाडं दिसणाऱ्या आजीच्या अंगात स्नायूच उरलेले नसतात, त्यामुळे मूत्रपिंड अर्धं थकलं तरी खापरं साठत नाहीत आणि १.० चा आकडा सगळ्यांना फसवतो. लहान मुलांचे आकडे तर आणखी खाली असतात. गरोदरपणातही क्रिएटिनिन उतरतं, तेव्हा नेहमीच्या मर्यादेत बसणारं ०.९ सुद्धा डॉक्टरांना दाखवावं.

यावर उतारा म्हणून ई-जीएफआर काढतात. मूत्रपिंड मिनिटाला किती रक्तद्रव गाळतं याचा क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून केलेला तो अंदाज असतो. सध्या २०२१ चं सीकेडी-ईपीआय सूत्र वापरतात. ते मी तुमच्यासमोर मांडून दाखवते. क्रिएटिनिन १.१ आहे. पंचवीस वर्षांच्या पुरुषाला ई-जीएफआर येतो ९५ च्या आसपास. अडुसष्ट वर्षांच्या स्त्रीला येतो ५५. तोच आकडा, तेच मशीन, आणि दोन माणसांत एवढं अंतर. आईच्या बीपीच्या डॉक्टरांनी तिचं वय विचारून मोबाईलवर हिशेब केला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली, तो क्षण मी विसरू शकत नाही. त्यावेळी आमच्या रिपोर्टवर ई-जीएफआर छापत नव्हते. तुमच्या रिपोर्टवर नसेल तर लॅबला मागा, काढून देतात.

ढोबळमानानं ९० च्या वर चांगलं. ६० ते ८९ मध्ये लघवीत दोष नसेल आणि वय जास्त असेल तर सहसा घाबरण्यासारखं नसतं. ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त काळ राहिलं तर त्याला जुनाट मूत्रपिंडविकार म्हणतात. ३० च्या खाली मूत्रपिंडतज्ज्ञाकडे जायलाच हवं, आणि १५ च्या खाली डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची तयारी सुरू होते. हे सूत्र प्रौढांसाठी आहे. तेही सरासरी शरीर धरून चालतं, त्यामुळे पैलवान, अंथरुणाला खिळलेला रुग्ण, पाय कापलेला माणूस यांच्याबाबतीत चुकतं.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती आकड्याकडे बघून कळत नाही. क्रिएटिनिन १ वरून २ झालं, तर बाण छोटासाच असतो, पण गाळण्याची ताकद जवळपास निम्मी झालेली असते. ४ वरून ५ झालं तर घरात रडारड होते, पण मुळातल्या ताकदीतली फक्त पाचेक टक्के आणखी गेलेली असते. मोठं नुकसान सुरुवातीला होतं आणि तेव्हाच आकडा गप्प असतो. म्हणून मी म्हणते, ०.७ चं १.० झालं तर ते दोन्ही "नॉर्मल" असले तरी डॉक्टरांना दाखवा. जुना रिपोर्ट फेकू नका. तुमचा स्वतःचा जुना आकडा हीच तुमची खरी मर्यादा.

रिपोर्टच्या तळाशी पद्धत लिहिलेली असते तीही बघा. जॅफे पद्धत १८८६ पासूनची आहे. पिक्रिक आम्लाबरोबर क्रिएटिनिनचा नारिंगी रंग येतो, तो मोजायचा. स्वस्त आणि अजून सर्रास चालणारी. पण मधुमेह फार बिघडून रक्तात कीटोन वाढले, तर तेही तसाच रंग देतात आणि आकडा फुगतो, काविळीत उलट घसरू शकतो. एन्झायमॅटिक पद्धतीत हा घोळ पुष्कळ कमी. दोन वेगळ्या लॅबचे १.१ आणि १.२ समोरासमोर ठेवून रात्रभर जागू नका. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा.

मग लघवी तपासा

हे बहुतेक जण सोडूनच देतात. "रक्त दिलंय की, लघवी कशाला?" असं रोज ऐकते. मूत्रपिंडाची चाळण फाटायला लागली की रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत गळतं, आणि मधुमेहींमध्ये हे क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी दिसतं. त्यासाठी अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करा, लॅबमध्ये त्याला एसीआर म्हणतात. सकाळची पहिली लघवी उत्तम. ३० च्या खाली चांगलं, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू आहे, ३०० च्या वर म्हणजे जास्त आहे. इथे क्रिएटिनिन आपल्या मदतीला येतं बघा. एका माणसाच्या लघवीतून ते रोज जवळपास सारखंच जातं, म्हणून लघवी पातळ आहे की दाट, याचा फरक त्यानं भागून काढून टाकता येतो.

ताप असताना, पाळीत, लघवीचा संसर्ग असताना किंवा जोरदार व्यायामानंतर ही तपासणी करू नका, उगाच जास्त येते.

लगेच निष्कर्ष काढू नका, पण या वेळी थांबूही नका

एकदा वाढलेला आकडा पुन्हा तपासायचा असतो. तब्येत ठीक असेल तर दोन-चार आठवड्यांनी, आणि आजार जुनाट आहे का हे ठरवायला तीन महिन्यांनी.

पण दोन दिवसांत क्रिएटिनिन ०.३ नं वाढलं, किंवा आठवड्याभरात दीडपट झालं, तर तो मूत्रपिंडावरचा तातडीचा आघात आहे. लघवी फार कमी होणं, चेहरा-पाय सुजणं, सतत उलट्या, धाप, गुंगी, यांपैकी काही असेल तर सरळ दवाखाना गाठा. बऱ्याच दिवसांनी जिममध्ये जाऊन एकदम अति केलं, अंग आखडलं आणि लघवी कोका-कोलासारखी झाली, तर स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन मूत्रपिंडात अडकतं आहे. त्याच रात्री जा. कोकणात भातलावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल आणि लघवी कमी, असं झालं तर लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचा, संशय डॉक्टरांना आवर्जून बोलून दाखवा. वेळेत उपचार झाले तर यातली बरीच मूत्रपिंडं पूर्ववत होतात.

गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा

आईच्या बाबतीत पिशवीतच उत्तर होतं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या ती दोन वर्षं जवळजवळ रोज खात होती. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक या गटातल्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा आवळतात. तरुण निरोगी माणसाला चार दिवसांत काही होत नाही. म्हाताऱ्या, बीपी-मधुमेह असलेल्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाला होतं. ज्यांत नक्की काय आहे हे कुणी सांगत नाही अशी सांधेदुखीची चूर्णं आणि भस्मंही पिशवीत टाका. काहींमध्ये जड धातू निघतात.

उलट प्रकारही होतो. डॉक्टरांनी बीपीसाठी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन सुरू केलं आणि पंधरा दिवसांत क्रिएटिनिन १.२ चं १.४ झालं, म्हणून घरच्यांनी गोळी बंद केली. ही चूक करू नका. या गोळ्यांनी सुरुवातीला ३० टक्क्यांपर्यंत वाढ होऊ शकते, ती धरून चाललेली असते, आणि पुढे याच गोळ्या मूत्रपिंड वाचवतात. बंद करायची की नाही हे डॉक्टर पोटॅशियम बघून ठरवतील.

क्रिएटिन घ्यायचं असेल तर

आता त्या मुलाकडे वळते. तीन वर्षं जिम, अंग भरलेलं, रोज पाच ग्रॅम क्रिएटिन, आदल्या रात्री मटण. घागरी वाढवल्या तर खापरं वाढणारच. सूत्रात १.४ टाकलं की त्याचा ई-जीएफआर ७२ दिसत होता. डॉक्टरांनी महिनाभर क्रिएटिन थांबवायला सांगितलं, एसीआर केलं, आणि सिस्टॅटिन-सी ही वेगळी तपासणीही. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, म्हणून अशा शरीरांसाठी फार उपयोगी. दोन्ही उत्तम आले. महिन्यानं क्रिएटिनिन १.१.

क्रिएटिन म्हणजे स्टेरॉइड नव्हे. निरोगी माणसांत ठरलेल्या मात्रेत ते मूत्रपिंड बिघडवतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. घ्यायचंच तर साधं मोनोहायड्रेट, दिवसाला तीन ते पाच ग्रॅम. आठवडाभर वीस-वीस ग्रॅमचं लोडिंग केलं नाही तरी महिन्याभरात स्नायू तेवढेच भरतात. सुरुवातीला किलो-दोन किलो वजन वाढतं, ते बहुतांशी स्नायूंत शिरलेलं पाणी. शाकाहारी मुलांना फरक जास्त जाणवतो, कारण त्यांच्या स्नायूंत मुळात साठा कमी असतो. एक किलो कच्च्या मांसात किंवा मासळीत चार-पाच ग्रॅम असतं, डाळ-भाजीत जवळपास काहीच नाही.

डबा उघडण्याआधी एकदा क्रिएटिनिन आणि लघवी तपासून तो कागद जपून ठेवा. नंतर कुठेही रक्त द्याल तिथे "क्रिएटिन घेतो" असं सांगा. मूत्रपिंडाचा आजार असेल, एकच मूत्रपिंड असेल, बीपी किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि सुट्ट्या पिशवीतली, लेबल नसलेली पावडर कुणीही दिली तरी घेऊ नका. त्यात काय मिसळलंय ते ना देणाऱ्याला माहीत असतं, ना तुम्हाला.

आकडा उतरवायच्या मागे लागू नका

"क्रिएटिनिन कमी करणारा काढा" विकणारे खूप आहेत. पण क्रिएटिनिन हे स्वतः मोठं विष नाही, ते खापर आहे. खापरं उचलून लपवली म्हणून झाडणारा बरा होत नाही. जेवण तोडलं, स्नायू झिजले, तरी आकडा खाली येतो आणि माणूस खंगतो. हे मी पाहिलेलं आहे, फार वाईट वाटतं.

उपयोग होतो तो साखर आणि बीपी आटोक्यात ठेवण्याचा, तंबाखू सोडण्याचा, मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आणण्याचा. त्यात लोणचं, पापड, सुकी मासळी सगळं आलं. बाजारातलं "लो सोडियम" मीठ मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णानं विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. कमरखाचं (स्टारफ्रूट) फळ आणि रस तर पूर्ण टाळा, मूत्रपिंड दुबळं असलेल्यांना त्यानं मेंदूवर परिणाम होऊन जिवावर बेतू शकतं. प्रथिनं किती खायची हे आजाराच्या टप्प्यावर ठरतं. शेजारच्या काकांचा आहारतक्ता आपल्या आईला लावू नका.

एक वही करा

शंभर पानी साधी वही पुरते. तारीख, लॅब, पद्धत, क्रिएटिनिन, ई-जीएफआर, एसीआर, बीपी, वजन, आणि त्या आठवड्यात घेतलेल्या गोळ्या. मधुमेह किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा तरी एक ओळ भरलीच पाहिजे, आकडे बिघडलेले असतील तर डॉक्टर सांगतील तेवढ्यांदा.

आईची वही टीव्हीखालच्या कप्प्यात असते. पहिली ओळ १.१, ५५, एसीआर ८४. त्यापुढे तिच्या अक्षरात "गुडघ्याची गोळी बंद". तीन महिन्यांनी १.१ च, एसीआर ६१. आता दोन वर्षं झाली, शेवटची ओळ १.०, ६०, एसीआर २८. गुडघ्यांना ती शेक देते, फिजिओथेरपीला जाते, फारच दुखलं तर डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल घेते. पुढची तारीख दिवाळीनंतरच्या सोमवारची आहे आणि आदल्या रात्री तिनं पिठलं-भाकरी ठरवून टाकली आहे.